वीतभर काठी

माझ्याकडे एक काठी आहे, वीतभर,
आइसफ्रूटच्या काडीची थोरली बहीण.
तिने बॅगेतलं सामान बाजूला सारायचं.
हात घालायचा नाही, असा नियम.
हात घातला की फार कळतं:
दुपटं अजून ओलं आहे,
इन्सुलिनभोवतीचा बर्फ वितळलाय,
आणि तळाशी कुणीतरी घरची किल्ली
रुमालात तीनदा गुंडाळून ठेवलीय.

बिल्ल्यावर माझं नाव मावलं नाही.
जैबुन्निसा परकार, मुक्काम पोस्ट खेड,
त्यातलं ‘झैबू’ उरलं.
दुबईच्या वेशीवरचं हे पार्क, गेट चार, बायकांची रांग.
एका बॅगेला अकरा सेकंद;
थापासाहेबांनी घड्याळ लावून ठरवलेले.
अकरा सेकंदांत तीन कप्पे होतात.
चौथा असला
तर तो अल्लाच्या हवाली.

सहा वर्षांत एक सुरी सापडली.
अल ऐनची आजी, डाळिंब सोलायला आणलेली.
वहीत लिहिलं: धारदार हत्यार, नग एक.
ती म्हणाली, मग डाळिंब कशानं खाऊ?
म्हटलं, आत मिळतं, सोललेलं,
अठ्ठावीस दिरहम.
तिने माझ्याकडे पाहिलं ते मी वहीत लिहिलं नाही.

आणि एकदा शेंगाचटणी.
शारजात राहणारं सोलापूरचं कुटुंब,
पुडीत तांबडी भुकटी.
जोसेलिनने हातमोजे बदलले,
वायरलेस तोंडाशी नेला.
मी पुडीला नाक लावलं.
म्हटलं, थांब. हिला मी ओळखते.
पण खाणं आत न्यायला बंदी, म्हणून
चटणी सुटली आरोपातून
आणि गेली पिंपात.

रात्री सुटताना कामगारांच्या दाराशी
आमच्या पिशव्या उघडतात.
पाहुण्यांनी काय आणलं ते येताना,
आम्ही काय नेलं ते जाताना.
बिलालकडेही तशीच काठी आहे.
माझा रिकामा डबा तो रोज उघडतो,
मान वळवून झाकण लावतो,
‘बाजी, माफ करना’ म्हणतो.
काठीला माफी मागता येत नाही,
म्हणून तो मागत असावा.

त्या दिवशी ऑगस्ट होता.
बाहेर दोरांच्या वळणांत चारेकशे माणसं,
छत्र्या, बाबागाड्या, घामाने चिकटलेले बुरखे.
आठेक वर्षांचा एक मुलगा, चष्म्यावर वाफ धरलेली,
त्याचं दप्तर माझ्या टेबलावर.
म्हणाला, आंटी,
कुणाला वाईट करायचंच असेल
तर तो इथेच नाही का करणार, रांगेत?
आत जायची काय गरज?
त्याच्या आईने त्याच्या डोक्यात टपली मारली.
माझी काठी दप्तरातच राहिली.
अकराचे वीस सेकंद झाले.
मागून कुणीतरी ‘यल्ला, यल्ला’ ओरडलं.

जेवताना जोसेलिनला विचारलं.
ती म्हणाली, काठी बघूनच माघारी जातात.
कोण?
जे जातात ते.
तू कुणाला बघितलंस जाताना?
ती भातातले काटे काढत राहिली.
थापासाहेबांना विचारायचं धाडस झालं नाही.
वहीत ‘सापडलेलं’ असा एक रकाना आहे.
आलंच नाही ते लिहायला
रकाना नाही.
नसेल आलं काही, माझ्यामुळे.
असेल आलं, चौथ्या कप्प्यातून,
आणि दिवसभर पाळण्यांत बसून
दमून घरी गेलं असेल.

संध्याकाळी मला बाहेरच्या फाटकावर लावलं.
तिथे कुणाचंच काही बघत नाहीत.
माणसं झुंडीने निघत होती,
फुगे मनगटांना बांधलेले,
चेहरे उन्हाने भाजलेले.
तोच मुलगा पाय ओढत चालला होता.
पाठीवर दप्तर, मधली चेन उघडी.
सकाळी मी उघडलेली,
लावायची विसरलेली.
दिवसभर तो तसाच हिंडला होता
त्या एवढ्या गर्दीत.
आतला डबा, टोपी, अर्धी पाण्याची बाटली,
सगळं जागच्या जागी.

मी हाक मारली, चेन लावून दिली.
तो म्हणाला, थँक्यू,
आणि मला ओळखलं नाही.